पेंटबॉल मार्करला सीओटू लावायचा की हवा?

मार्करच्या, म्हणजे रंगाच्या गोळ्या झाडणाऱ्या पेंटबॉलच्या बंदुकीच्या, बुडाशी जी बाटली फिरवून बसवतात, तिच्यात दोनपैकी एक गोष्ट असते. एक तर द्रवरूप कार्बन डायऑक्साइड, म्हणजे खेळणाऱ्यांच्या भाषेत सीओटू. नाही तर प्रचंड दाबाने भरलेली साधी हवा, म्हणजे एचपीए. दोन्ही बाटल्यांच्या तोंडाचे आटे एकच आहेत, त्यामुळे कुठलीही बाटली कुठल्याही मार्करला बसते. घोळ होतो तो इथेच. बसते म्हणजे चालते, असं धरून लोक इलेक्ट्रॉनिक मार्करला सीओटू लावतात आणि आठवडाभराने सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडमीट करणारी झडप) बदलत बसतात.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करायची. सीओटूच्या बाटलीतला दाब तापमान ठरवतं, हवेच्या बाटलीतून बाहेर पडणारा दाब तिच्या तोंडावरचा रेग्युलेटर, म्हणजे दाब नियंत्रक, ठरवतो. पुढचं जवळपास सगळं याच एका फरकातून येतं.

सीओटू: थर्मामीटरच्या तालावर नाचणारा गॅस

सीओटूच्या बाटलीत तळाशी द्रव असतो आणि वर त्याची वाफ. जोवर आत थोडाही द्रव आहे, तोवर वाफेचा दाब फक्त तापमानावर अवलंबून असतो, बाटली किती भरलेली आहे यावर नाही. ० अंश सेल्सिअसला हा दाब सुमारे ३५ बार, २१ अंशांना ५८-५९ बार आणि ३० अंशांना ७२ बार. (१ बार म्हणजे साडेचौदा पीएसआय. म्हणजे हेच आकडे अनुक्रमे ५००, ८५० आणि १०५० पीएसआयच्या आसपास येतात.)

याचा खेळावर होणारा परिणाम सरळ आहे. मैदानांवर गोळीच्या वेगाची मर्यादा सहसा सेकंदाला २८० ते ३०० फूट असते. सकाळच्या गारव्यात क्रोनोवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) २८० ला लावलेला मार्कर दुपारच्या उन्हात मर्यादेच्या वर जातो, तेही वेगाच्या स्क्रूला हात न लावता. सीओटूवर खेळत असाल तर क्रोनो सकाळी एकदा करून भागत नाही. ऊन चढलं की पुन्हा करायचा, आणि सकाळचा वेग मर्यादेच्या १५-२० फूट खालीच ठेवायचा.

दुसरी अडचण वेगाने गोळ्या सोडल्यावर येते. द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती बाटलीतूनच घेतली जाते. शे-दीडशे गोळ्या सलग गेल्या की बाटली हाताला गार लागते, दमट हवेत तिच्यावर दव धरतं. आतलं तापमान २१ वरून १२ अंशांवर आलं तर दाब ११ बारने उतरतो. मग गोळ्या जवळ पडू लागतात, मार्कर अर्धवट सायकल करतो (पुढच्या गोळीसाठी पुरता तयार होत नाही), नळीत (बॅरलमध्ये) गोळ्या फुटतात. उपाय एकच: थांबायचं. दोन-तीन मिनिटं विसावा दिला की बाटली बाहेरची ऊब घेते आणि दाब परत चढतो. थंडीच्या दिवसात ती पुरेशी सावरतच नाही, म्हणून १० अंशांच्या खाली सीओटूचा नाद करू नये, हे आमचं स्पष्ट मत.

तिसरी अडचण सगळ्यांत नुकसानीची, आणि ती म्हणजे द्रव थेट मार्करमध्ये जाणं. बाटली आडवी असताना नळीचं तोंड खाली केलं, की द्रव बाटलीच्या तोंडाकडे धावतो. तो व्हॉल्व्हमध्ये शिरून तिथेच फसफसून वाफ होतो. एखादी गोळी एकदम जोरात जाते, नळीतून पांढरा धूर किंवा बर्फाचा भुगा उडतो, पुढच्या चार गोळ्या मरतुकड्या पडतात. ओ-रिंगा (जोड बंद ठेवणाऱ्या लवचीक कड्या) गारठून कडक होतात आणि गळू लागतात. द्रव सीओटू आतलं तेल-ग्रीसही धुऊन नेतो, त्यामुळे सीओटूवरच्या मार्करला तेलाचे थेंब जास्त वेळा द्यावे लागतात.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, अँटी-सायफन नळी: बाटलीच्या आत व्हॉल्व्हला जोडलेली एक वाकडी नळी, जिचं टोक बाटली आडवी असताना वरच्या वाफेत राहतं. ती बसवताना बाटली तुमच्याच मार्करवर पूर्ण आवळून ‘वर’ कुठे येतं त्याची खूण करावी लागते. दुसऱ्या मार्करवर आटे वेगळ्या ठिकाणी संपतात, मग नळीचं टोक बाजूला किंवा थेट खाली येतं आणि ती द्रवच ओढू लागते. उसनी घेतलेली अँटी-सायफन बाटली साध्या बाटलीपेक्षा वाईट वागली तर कारण बहुधा हेच असतं. ही नळी घरी बसवण्याची गोष्ट नाही, कारण त्यासाठी व्हॉल्व्ह काढावा लागतो. दुसरा उपाय एक्स्पान्शन चेंबर, म्हणजे द्रवाला वाफ व्हायला मधे दिलेली जागा. तिसरा रिमोट लाइन: बाटली पाठीवर किंवा कंबरेला, तोंड वर करून, आणि तिथून मार्करपर्यंत होज. आमच्या मते तिन्हींत हाच सर्वांत भरवशाचा, कारण बाटली उभी राहते आणि अंगाच्या उबेने गारही कमी होते.

हवा: दाब मोजून देणारी बाटली

एचपीएच्या बाटलीत द्रव नसतोच. ॲल्युमिनियमची बाटली सहसा ३००० पीएसआयची (२०७ बार), कार्बन फायबरची ४५०० पीएसआयची (३१० बार). तोंडावर रेग्युलेटर असतो, तो हा दाब खाली आणून मार्करला ठरावीक दाब देतो. बहुतेक रेग्युलेटर ८५० पीएसआयच्या आसपास देतात, म्हणजे सीओटूचा २१ अंशांचा दाब. त्यामुळे सीओटूवर चालणारा मार्कर हवेवर काहीही न बदलता चालतो. उलट मात्र होत नाही.

४५० किंवा ३०० पीएसआय देणारे रेग्युलेटरही मिळतात. ते इलेक्ट्रॉनिक मार्करसाठी. जुन्या यांत्रिक ब्लोबॅक मार्करला (ज्यात गॅसच हातोडा मागे ढकलतो) ४५० चा रेग्युलेटर लावला तर हातोडा पुरता मागे जात नाही आणि मार्कर ‘खटखट’ करत गोळ्या चिरडतो. वापरलेली बाटली घेताना रेग्युलेटरचा आउटपुट किती, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बाहेरून तो ओळखू येत नाही.

एका भरणीत गोळ्या किती?

सीओटूच्या बाटल्या वजनावर विकल्या जातात: ९, १२, २०, २४ औंस. हवेच्या बाटल्या आतल्या जागेवर आणि दाबावर: ४८/३०००, ६८/४५००. यात ४८ आणि ६८ हे घन इंच, म्हणजे अंदाजे ०.७९ आणि १.११ लिटर.

तुलना करायची तर दोन्हींचं मोकळ्या गॅसमध्ये रूपांतर करून पाहा. २० औंस म्हणजे ५६७ ग्रॅम सीओटू, त्याचा साध्या दाबाला ३०० लिटरच्या थोडा वर गॅस होतो. ४८/३००० मध्ये ०.७९ गुणिले २०७, म्हणजे १६० लिटरच्या आसपास हवा. ६८/४५०० मध्ये हाच हिशेब ३४० च्या पुढे जातो, पण इतक्या दाबाला हवा साध्या गुणाकारापेक्षा थोडी कमीच मावते, म्हणून ३१०-३२० धरा.

आता यातलं वापरता किती येतं? बाटलीतला दाब रेग्युलेटरच्या ८५० पीएसआयच्या खाली गेला की वेग उतरतो. म्हणजे ३००० च्या बाटलीत वरचं ७२ टक्केच कामाचं, ४५०० च्या बाटलीत ८१ टक्के. मोठ्या दाबाच्या बाटलीचा फायदा असा दोन्हीकडून मिळतो. साध्या यांत्रिक मार्करला एका गोळीमागे पाव लिटरच्या आसपास गॅस लागतो असं धरलं तर ४८/३००० वर ४५०-५०० गोळ्या, ६८/४५०० आणि २० औंस सीओटूवर हजाराच्या घरात. मार्करची ओढ जास्त असेल तर आकडा बराच खाली येतो.

गेजबद्दल एक गोष्ट नवख्यांना नेहमी फसवते. हवेच्या बाटलीचा गेज खरं सांगतो: काटा निम्म्यावर म्हणजे हवा निम्मी. सीओटूच्या बाटलीला गेज लावला तर तो काठोकाठ भरलेली आणि पाव भरलेली बाटली सारखीच दाखवतो, कारण द्रव असेपर्यंत दाब हलतच नाही. सीओटू किती उरला ते फक्त वजनकाटा सांगतो. रिकाम्या बाटलीचं वजन एकदा करून पट्टीवर लिहून चिकटवायचं. २० औंसच्या बाटलीत द्रव संपतो तेव्हा २० अंशांना आत अजून सुमारे १६० ग्रॅम वाफ उरलेली असते, आणि तिथून पुढे दाब दर गोळीला घसरतो. १६० ग्रॅम उरले म्हणून पुढच्या फेरीला निर्धास्त उतरू नका.

कुठल्या मार्करला काय

इलेक्ट्रो-न्यूमॅटिक, म्हणजे इलेक्ट्रॉनिक मार्कर: फक्त हवा. सोलेनॉइडच्या आतले सील नाजूक असतात, द्रवाच्या एका झटक्याने जातात. टिपमन ९८ च्या घराण्यातले यांत्रिक ब्लोबॅक मार्कर: दोन्ही चालतात, पण हवेवर वेग जास्त एकसारखा राहतो. पंप मार्कर: दोन्ही, शिवाय १२ ग्रॅमच्या छोट्या काडतुसांवरही. त्यात प्रत्येक गोळीमागे हाताने पंप करावा लागतो, त्यामुळे गार होण्याचा प्रश्न फारसा येत नाही. एका काडतुसात पंचवीसेक गोळ्या निघतात. ते भोसकण्याआधी सीलवर तेलाचा एक थेंब टाकायचा आणि टोपी न थांबता झटकन आवळायची. हळू आवळलं तर भोक पडल्यावर आणि सील बसण्याआधी निम्मा गॅस बोटांवरून निघून जातो. अर्धं वापरलेलं काडतूस रात्रभर लावून ठेवू नये, सील दबून राहतं.

नायट्रोजन हवेच्याच बाटलीत चालतो, वागतोही हवेसारखाच, कारण हवेत ७८ टक्के तोच असतो. ऑक्सिजन कधीही नाही. दाबाखालचा ऑक्सिजन तेलाच्या पुसट थरालाही पेटवतो.

सगळा विचार करूनही शेवटी एक प्रश्न निर्णय फिरवतो: जिथे खेळता तिथे काय भरून मिळतं? मैदानावर हवेचं फिल स्टेशन असेल तर हवाच घ्या, डोकं चालवायची गरज नाही. ते फक्त ३००० पर्यंत भरत असेल तर ४५०० ची बाटली दोन-तृतीयांशच भरेल, हेही हिशेबात धरा. मैदान दूर असेल, मार्कर साधा यांत्रिक असेल, हवा उबदार असेल आणि जवळ सीओटू वजनावर भरून देणारा असेल, तर सीओटू स्वस्तात काम करतो.

हवा भरताना

१. बाटलीवरचा हायड्रो टेस्टचा (पाण्याच्या दाबाने बाटली तपासण्याच्या चाचणीचा) महिना-वर्षाचा शिक्का पाहायचा. अमेरिकेच्या डीओटी (परिवहन खातं) पद्धतीच्या बाटल्यांना दर ५ वर्षांनी चाचणी लागते, आणि कार्बन फायबरच्या बाटल्यांचं एकूण आयुष्य सहसा १५ वर्षं. फायबरचे धागे तुटलेले दिसले किंवा खोल ओरखडा असेल तर भरू नये.

२. फिल निपल, म्हणजे जिथून हवा भरतात ते टोक, कोरड्या कापडाने पुसायचं. धुळीचा कण आत गेला तर तो निपलच्या सीलवर बसतो आणि बाटली भरल्या भरल्या तिथूनच सुस्कारे सोडू लागते.

३. निपलला तेल लावायचं नाही. थेंबभरही नाही. जोरात शिरणारी हवा दबून तापते आणि डिझेल इंजिनात होतं तसं तेल पेटतं. निपल घट्ट झालं तर बदलायचं, वंगण द्यायचं नाही.

४. होज लावून व्हॉल्व्ह हळू उघडायचा. ३००० पर्यंत पोचायला मिनिटभर तरी लागू द्यायचं. दहा सेकंदांत भरलेली बाटली गरम होते, गेज ३००० दाखवतो, आणि गार झाल्यावर तीच २७०० वर आलेली असते. लोक याला गळती समजतात.

५. होजमधला दाब ब्लीड व्हॉल्व्हने (उरलेली हवा सोडणाऱ्या झडपेने) सोडल्यावरच कपलर, म्हणजे होजचा निपलवरचा जोड, काढायचा. कपलर निघत नसेल तर दाब अजून आत आहे, ओढाताण करू नये.

स्कूबाच्या टाकीतूनही भरता येतं. ११ लिटरची २०७ बारची टाकी रिकाम्या ४८ घन इंची बाटलीला पहिल्यांदा १९३ बारपर्यंत नेते, पुढच्या रिकाम्या बाटलीला १८० पर्यंत. दर भरणीला सुमारे ७ टक्के उतरत जातं. म्हणून बाटली पूर्ण रिकामी होऊ न देता मधेच टॉप-अप करत राहिलं तर एका टाकीत जास्त चांगल्या भरण्या होतात. चाकात हवा भरणारा कंप्रेसर ८-१० बारचा असतो, त्याचा इथे काही उपयोग नाही.

सीओटू भरताना

हे काम मुख्यतः वजनकाट्याचं आहे. रिकामी बाटली काट्यावर ठेवून नोंद करायची. थोडा द्रव भरून तो बाहेर सोडायचा, म्हणजे बाटली गार होते. गरम बाटलीत द्रव जायलाच तयार नसतो. मग ठरलेल्या वजनापर्यंत भरायचं आणि काट्यावर खात्री करायची. जास्त भरलं असेल तर लगेच सोडून द्यायचं.

‘एखाद औंस जास्त’ इतकं महाग का पडतं? २० औंसच्या बाटलीत जवळपास २९ औंस पाणी मावतं. वरची जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली असते. ३१ अंशांच्या वर सीओटूचा द्रव आणि वाफ हा भेदच संपतो, आणि मग दाब किती भरलंय त्यावर झपाट्याने चढतो. नियमाप्रमाणे भरलेली बाटली उन्हातल्या बंद गाडीत ५० अंशांना पोचली तर आत १४० बारच्या आसपास दाब होतो. बाटलीचा नेहमीचा कामाचा दाब १८०० पीएसआय, म्हणजे १२४ बार. जास्त भरलेली बाटली याच्याही खूप पुढे जाते, आणि ३००० पीएसआयची बर्स्ट डिस्क (दाब फार चढला की आधी फुटणारी पातळ चकती) फुटते. डिस्क फुटणं म्हणजे बाटली फुटण्यापासून झालेला बचाव आहे, पण बंद गाडीत सगळा सीओटू सुटला तर श्वास कोंडतो. भरलेली बाटली गाडीत ठेवून जाऊ नये.

काढ-घाल आणि एक रेघ

बाटली काढताना उलट फिरवली की पाव-अर्ध्या फेऱ्यात तिचा पिन-व्हॉल्व्ह बंद होतो. मार्करमध्ये उरलेला गॅस सुरक्षित दिशेला नळी धरून, गोळ्या न भरता नुसते कोरडे बार काढून संपवायचा, मगच पूर्ण काढायची. न संपवता काढली तर तोंडावरची ओ-रिंग फाटून उडते. ती ०१५ मापाची असते, किटमध्ये चार-पाच जादा ठेवाव्यात. सीओटूसाठी साधी काळी नायट्रिलची नको. ती गॅस शोषून फुगते आणि दाब सुटताच तडकते. युरेथेनची टिकते.

आता सर्वांत महत्त्वाचं. बाटली आणि तिचा व्हॉल्व्ह हे दोन वेगळे भाग आहेत, आट्यांनी जोडलेले. व्हॉल्व्ह मार्करमध्ये घट्ट अडकला असेल, तर उलट फिरवताना व्हॉल्व्ह तिथेच राहतो आणि बाटली त्याच्यावरून निघू लागते. तो जोड सुटला की भरलेली बाटली गोळ्यासारखी मागे उडते. या प्रकारात माणसं दगावलेली आहेत. बचाव अगदी साधा: नेलपॉलिशने व्हॉल्व्हवरून बाटलीवर येणारी एक सरळ रेघ ओढा. फिरवताना रेघ अखंड राहिली पाहिजे, दोन्ही तुकडे एकत्र फिरले पाहिजेत. रेघ तुटताना दिसली की तिथेच थांबायचं, परत आवळायचं नाही, बाटलीच्या मागे तोंड न धरता मार्करमधून गॅस संपवायचा आणि बाटली कारागिराकडे द्यायची.

गळती कुठून, ते ऐकून ओळखायचं

बाटली लावताच मार्करच्या जोडातून फुसफुस: ओ-रिंग. रेग्युलेटरच्या अंगावरच्या बारीक भोकातून: आतल्या पिस्टनचा सील गेला, रिबिल्ड किट लागेल. ते भोक बुजवायचं नाही. फिल निपलमधून: आधी एकदा पुन्हा भरून पाहा, कण निघून जातो. नाही गेला तर निपल नवं. नेमकी जागा कळत नसेल तर साबणाच्या पाण्याचा ब्रश फिरवायचा, बुडबुडे दाखवतात.

पहिली गोळी जोरात आणि पुढच्या नेहमीसारख्या जात असतील तर रेग्युलेटर ‘सरकतोय’: थांबल्यावर दाब ठरल्या जागी न राहता हळूहळू वर चढतोय. क्रोनोवर एक गोळी सोडा, दोन मिनिटं थांबा, परत सोडा. १५-२० फुटांहून जास्त फरक असेल तर बाटलीच्या आणि मार्करच्या, दोन्ही रेग्युलेटरचे सील तपासायचे. बाटली बदलून फरक गेला तर दोष बाटलीच्या रेग्युलेटरचा.

बर्स्ट डिस्क बदलताना माप जुळवायलाच हवं. ३००० च्या हवेच्या बाटलीला उच्च दाबाच्या बाजूला ५००० ची डिस्क, ४५०० च्या बाटलीला ७५०० ची, आणि कमी दाबाच्या बाजूला १८०० ची. सारखी फुटते म्हणून मोठ्या मापाची डिस्क लावणं म्हणजे फ्यूज उडतो म्हणून त्याजागी खिळा ठोकणं. कमी दाबाची डिस्क पुन्हा पुन्हा उडत असेल तर रेग्युलेटर दाब अडवत नाहीये, तो दुरुस्त होईपर्यंत बाटली मार्करला लावायची नाही.